एक प्यादे कमी, तरी अर्धा गुण: लातूर–परभणी लढतीतल्या तिसऱ्या बोर्डाचा डाव

बुद्धिबळाच्या क्लब लीगमध्ये बरोबरीच्या डावाकडे कोणी फारसे वळून पाहत नाही. निकालपत्रावर दोन्हीकडे अर्धा गुण लागतो आणि चर्चा जिंकलेल्या-हरलेल्या बोर्डांची होते. इथे घेतलेला डाव साठ चालींत बरोबरीत सुटला. शेवटच्या वीस चालींत पांढऱ्याने जिंकण्याची उमेद स्वतःच्या हाताने कमी केली, काळ्याने सोपी बरोबरी दोनदा सोडली, मग ऐन वेळी एकच योग्य चाल शोधली आणि बरोबरीचा दावा आधी चुकीचा व नंतर बरोबर केला. लीग खेळणाऱ्या प्रत्येक खेळाडूला यातली एक तरी गोष्ट हंगामात भेटतेच.

सामना आणि वेळ

चार बोर्डांची लढत, म्हणजे प्रत्येक संघाचे चार खेळाडू चार पटांवर; ठिकाण नांदेड, मे महिना. मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये कूलर होते, पण त्यांच्या झोतात स्कोअरशीट (चाली लिहायचा कागद) उडत असल्याने खेळाडूंनी ते घड्याळाखाली दाबून ठेवले होते. वेळ प्रत्येकी ९० मिनिटे आणि पहिल्या चालीपासून दर चालीला ३० सेकंद वाढीव. तिसऱ्या बोर्डावर पांढरी मोहरी लातूरच्या खेळाडूकडे, काळी परभणीच्या. बाकी तीन बोर्ड संपले तेव्हा लढत दीड–दीड अशी होती. म्हणजे सगळे या एका डावावर आले.

सुरुवात स्कॉच या नावाने ओळखली जाणारी. पटाच्या मधोमध काळ्याचे ई-प्यादे लवकर गेले, पुढे डी६ वरचे प्यादे दबावाखाली पडले, आणि वजिराच्या बाजूची प्यादी एकेक करून बदलली गेली. हा भाग नेहमीचाच आहे, त्यावर वेळ घालवत नाही. ४०व्या चालीनंतर पट असा होता:

पांढरा: राजा एफ३, हत्ती ए७, प्यादी ई४, एफ४, जी३, एच४.
काळा: राजा जी७, हत्ती बी२, प्यादी एफ७, जी६, एच५.

चाल पांढऱ्याची. पांढऱ्याकडे १४ मिनिटे, काळ्याकडे ५.

पुढच्या नोंदीत रा म्हणजे राजा, ह म्हणजे हत्ती, प्याद्याला अक्षर नाही. × म्हणजे मारले, + म्हणजे शह, ! म्हणजे चांगली चाल, ? म्हणजे चूक, आकड्यापुढे ... म्हणजे चाल काळ्याची. घराच्या नावातले अक्षर उभा स्तंभ दाखवते, आकडा आडवी रांग. पट मांडूनच वाचावे. नुसत्या डोळ्यांनी वाचून हा शेवट कळत नाही.

चार विरुद्ध तीन

एकाच बाजूला चार प्यादी विरुद्ध तीन आणि दोन्हीकडे एकेक हत्ती, हा शेवट नीट बचाव केला तर बरोबरीचा मानला जातो. काळ्याची मांडणी एफ७, जी६, एच५ ही बचावाची सर्वांत भरवशाची. एच५ वरचे प्यादे पांढऱ्याला जी४ सहजासहजी करू देत नाही. केलेच तर प्यादी बदलली जातात. हेस्टिंग्जच्या १९३०–३१ च्या स्पर्धेत इंग्लंडच्या येट्सने हाच शेवट माजी जगज्जेत्या कापाब्लांकाविरुद्ध खेळताना एच५ वेळेवर केले नाही आणि डाव गमावला. परभणीच्या खेळाडूने ते आधीच करून ठेवले होते. त्याच्या एकूण खेळातले हे सर्वांत चांगले काम, आणि त्याची दखल घ्यायला हवी.

पांढऱ्याला इथे घाई नव्हती. बचावणाऱ्याकडे पाच मिनिटे उरली असताना प्यादी पटावर ठेवून, राजा-हत्तीची जागा बदलत, ई५ आणि मग एफ५ ची धमकी उभी करत दहा-पंधरा चाली काढणे शहाणपणाचे होते. प्यादे वरचढ असेल तर मोहरी बदलावीत, प्यादी राखावीत. नियम जुना आहे, पण लढत दीड–दीड असताना हात आधी कृतीकडे जातो. पांढऱ्याने उलट केले:

४१. जी४ एच×जी४+ ४२. रा×जी४ रा एफ८ ४३. एच५ जी×एच५+ ४४. रा×एच५ ह एच२+ ४५. रा जी४ ह जी२+ ४६. रा एफ३ ह बी२

चार विरुद्ध तीनचे दोन विरुद्ध एक झाले. काळ्यासाठी आता लक्ष ठेवायच्या गोष्टी निम्म्या झाल्या आणि राजाला ई८ पर्यंत जायला वाट मोकळी झाली.

४६वी चाल पटावर करून, घड्याळ दाबण्याआधी काळ्याने बरोबरी देऊ केली. हाच योग्य क्रम: चाल, मग प्रस्ताव, मग घड्याळ. दोघांनीही आपापल्या स्कोअरशीटवर त्या चालीसमोर (=) अशी खूण केली; हीही नियमाची बाब आहे, पण लीगमध्ये निम्मे लोक ती विसरतात. पांढऱ्याने कर्णधाराकडे पाहिले. कर्णधार म्हणाला, "बरोबरी नको." एवढेच म्हणण्याचा त्याला हक्क आहे. प्रस्ताव द्यावा, घ्यावा किंवा डाव सोडावा, असा थोडक्यात सल्ला कर्णधार देऊ शकतो. पटावरच्या स्थितीबद्दल अवाक्षर काढता येत नाही. "अजून आहे त्यात, खेळ" असे म्हटले असते तरी पंचांना हटकावे लागले असते.

ई५ ची घाई

४७. रा ई३ रा ई८ ४८. रा डी४ एफ६ ४९. ई५ एफ×ई५+ ५०. एफ×ई५

४९. ई५ हे या डावातले सर्वांत महागडे पाऊल. एकच प्यादे उरले आणि काळ्याचा राजा नेमका त्याच्या वाटेत उभा. ४९. एफ५ करून एफ६ चे प्यादे जागेवर खिळवले असते, तर पांढऱ्याचा हत्ती सहाव्या रांगेतून त्यावर बसला असता, राजा डी५ ला गेला असता आणि ई५ कधी करायचे हे पांढऱ्याच्या हाती राहिले असते. तिथे हमखास विजय होता असे नाही, पण दोन-तीन मिनिटांच्या घड्याळावर काळ्याला दर चालीला नवा प्रश्न पडला असता. ई५ ने ते सगळे प्रश्न एका झटक्यात मिटवले.

५०. रा×ई५ हा पर्यायही होता. त्यात एफ-प्यादे उरते आणि राजा एक घर पुढे असतो. तोही बरोबरीचाच, फक्त काळ्याला जरा जास्त जपून खेळावे लागते.

पन्नासावी चाल: सहावी रांग

आता स्थिती अशी: पांढरा राजा डी४, हत्ती ए७, प्यादे ई५, काळा राजा ई८, हत्ती बी२. चाल काळ्याची, घड्याळात जेमतेम दोन मिनिटे.

फ्रेंच खेळाडू फिलिडॉरने १७७७ मध्ये दाखवलेला बचाव इथे एका चालीत मिळतो: ५०... ह बी६! काळ्याचा हत्ती सहाव्या रांगेत उभा राहिला की पांढऱ्या राजाला डी६, ई६, एफ६ यांपैकी कुठेच पाय ठेवता येत नाही. पांढऱ्याने ५१. रा डी५ केले तर काळा हत्ती त्याच रांगेत हलवत राहतो: जी६, एच६, परत बी६. पांढऱ्याला पुढे सरकायचे असेल तर एकच मार्ग, प्यादे ई६ ला ढकलणे. ते ढकलले त्याच क्षणी सहाव्या रांगेचे काम संपते. हत्ती लगेच पहिल्या रांगेत, उदाहरणार्थ जी१ ला. मग रा डी६ ह डी१+, रा ई५ ह ई१+ असे मागून शह चालू. प्यादे ई६ वर पुढे गेलेले असल्याने राजाला त्याच्यापुढे आडोसा मिळत नाही, आणि प्यादे सोडून दूर गेला तर प्यादे जाते. बचावाचे दोन टप्पे आहेत, त्यांचा क्रमही ठरलेला आहे: प्यादे पाचव्या रांगेत असेपर्यंत हत्ती सहाव्या रांगेत, प्यादे सहाव्यात आले की हत्ती खाली.

नवशिके इथे दोन प्रकारे चुकतात. एक, प्यादे पुढे येण्याआधीच हत्ती खाली नेतात. राजा ई६ ला येऊन प्याद्यापुढे उभा राहतो आणि मागचे शह त्याला लागत नाहीत. दोन, प्यादे ई६ ला आल्यावरही हत्ती सहाव्या रांगेतच ठेवतात. मग राजा डी६ ला येतो आणि आठव्या रांगेतल्या मातेची धमकी टळत नाही.

काळ्याने पहिल्या प्रकारची चूक केली.

५०... ह ई२? ५१. रा डी५ ह ई१?

मागून प्याद्यावर हल्ला हे दिसायला सक्रिय वाटते, पण प्याद्याला राजाचा आधार आहे, त्यामुळे हत्ती तिथे काहीच करत नाही. ५१व्या चालीलाही सुधारायची संधी होती: ५१... ह एच२! मग ५२. रा ई६ ला ह एच६+ आणि हत्ती शह देतच सहाव्या रांगेत पोचतो. पांढऱ्याने ५२. ह ए६ करून ती रांग अडवली, तर काळा राजा ई७ ला येऊन प्याद्यापुढे ठाण मांडतो आणि धोका उरत नाही. ५१... ह ई१ ही निव्वळ वाट पाहण्याची चाल, आणि वाट पाहायची ही जागा नव्हती.

बावन्नावी चाल: कोणत्या बाजूला पळायचे

५२. रा ई६

आता ह ए८ मात अशी थेट धमकी आहे. काळ्या राजाला डी७, ई७, एफ७ बंद. डी८ किंवा एफ८ यांतून एक निवडायचे. इथे पट सम दिसतो, पण तो सम नाही. ई-प्याद्याच्या एका अंगाला ए, बी, सी, डी असे चार स्तंभ आहेत, दुसऱ्या अंगाला एफ, जी, एच असे तीनच. राजाने आखूड बाजूला जायचे आणि लांब बाजू हत्तीसाठी मोकळी ठेवायची.

घरी पट मांडून आधी चुकीची वाट पाहावी: ५२... रा डी८? ५३. ह ए८+ रा सी७ ५४. ह ई८ ह एच१ ५५. रा एफ७ ह एच७+ ५६. रा जी६. शह देणारा हत्ती आता स्वतःच राजाच्या तावडीत आला. त्याला हटावे लागते, तेवढ्यात ई६, आणि ते प्यादे पुढे थांबत नाही. एच-स्तंभ आणि एफ-स्तंभ यांच्यात एकच स्तंभ असल्याने राजा दोन पावलांत हत्तीला भिडतो.

आता डावात झालेले:

५२... रा एफ८! ५३. ह ए८+ रा जी७ ५४. ह ई८ ह ए१!

एकूण डावात काळ्याने याच ठिकाणी सर्वांत जास्त वेळ घेतला. घड्याळात पन्नास-एक सेकंद राहिले होते, वाढीव ३० सेकंदांचाच आधार. ५४. ह ई८ ची चाल साधी नाही: हत्ती प्याद्याला पुढून आधार देतो, म्हणजे राजा मोकळा होतो आणि रा डी७, मग ई६ अशी वाट तयार होते. उत्तर म्हणून काळा हत्ती ई-स्तंभ सोडून सर्वांत लांबच्या ए-स्तंभावर जातो. आता ५५. रा डी७ ह ए७+ झाले की राजा सी६ ला आला तरी ए७ चा हत्ती त्याच्या टप्प्यात नाही. मधले दोन स्तंभ, बी आणि सी, काळ्याचा जीव वाचवतात. आणि राजा सी७ पर्यंत सरकला तर रा एफ७! मुळे ई८ चा हत्ती मार खातो, तो हलला की ई५ चे प्यादे टिकत नाही.

पांढऱ्याकडे आणखी दोन प्रयत्न होते. ५४. रा डी६ केले असते तर रा एफ७ ५५. ह ए७+ रा ई८ ५६. रा ई६ रा एफ८ आणि पुन्हा तेच. ५५. ह डी८ केले तर हत्तीचा प्याद्यावरचा आधार जातो. म्हणून काळ्याने लगेच ह ई१ असे परत मागे यायचे, मग पांढऱ्या राजाला ई६ सोडता येत नाही. ए१ आणि ई१ यांत हत्तीने कधी कुठे असावे हे पांढऱ्याच्या हत्तीवर ठरते: तो ई-स्तंभात असेल तर काळा बाजूने शह देणार, तो तिथून हलला तर काळा प्याद्यामागे.

दावा

५५. रा डी७ ह ए७+ ५६. रा डी६ ह ए६+ ५७. रा डी७ ह ए७+ ५८. रा डी६

इथे काळ्याने स्कोअरशीटवर ५८... ह ए६ असे लिहिले, घड्याळ थांबवले आणि पंचांना बोलावले. "सर, तीनदा झालंय."

पद्धत अगदी बरोबर होती. ज्या चालीने स्थिती तिसऱ्यांदा येणार आहे ती चाल आधी लिहायची, मोहऱ्याला हात न लावता पंचांना सांगायची. मोहऱ्याला हात लागला की त्या चालीपुरता दाव्याचा हक्क जातो. चाल करून घड्याळ दाबले तर पाळी समोरच्याची होते आणि मग दावा त्याचा. बहुतेक दावे इथेच वाया जातात.

पण मोजणी चुकली. त्याने ए-स्तंभावरचे शह मोजले होते. नियमात शह मोजत नाहीत, स्थिती मोजतात: सर्व मोहरी त्याच घरांवर, चाल त्याच खेळाडूची, आणि शक्य असलेल्या चाली त्याच. पंचांनी दोन्ही स्कोअरशीट घेऊन शेजारच्या रिकाम्या पटावर चाली लावल्या. पांढरा राजा डी६, काळा हत्ती ए६, चाल पांढऱ्याची, ही स्थिती ५६व्या चालीनंतर एकदा आलेली. ५८व्या चालीने दुसऱ्यांदा येणार. राजा डी७ आणि हत्ती ए७ हीदेखील दोनदाच. दावा फेटाळला.

परिणाम तीन. पांढऱ्याच्या घड्याळात दोन मिनिटे वाढली. काळ्याला लिहिलेली ह ए६ चाल करावीच लागली, दावा मागे घेता येत नाही. आणि दावा हा बरोबरीचा प्रस्तावही धरला जातो, त्यामुळे पांढऱ्याला त्या क्षणी बरोबरी स्वीकारता आली असती. त्याने नाकारली. घड्याळात वेळ आणखी मिळाली होती, लढत दीड–दीड होती. नाकारण्यात चूक काही नाही.

५८... ह ए६+ ५९. रा डी५ ह ए५+ ६०. रा डी६

पांढऱ्याने ५९व्या चालीला वाट बदलून पाहिली. काळ्याने पुन्हा लिहिले, ६०... ह ए६, पुन्हा घड्याळ थांबवले. राजा डी६, हत्ती ए६, चाल पांढऱ्याची: ५६, ५८, ६०. मधल्या ५९व्या चालीने स्थिती बदलली होती, पण सलग तीनदा यावी अशी अट नाही. डावात कधीही, एकूण तीनदा पुरते. दावा मान्य, बरोबरी. लढत दोन–दोन.

बाहेर जमलेल्यांत एक प्रश्न फिरत होता: पंच तर समोरच उभे होते, त्यांना दिसत नव्हते का? दिसत असते तरी तीन वेळच्या पुनरावृत्तीत पंच स्वतःहून डाव थांबवत नाहीत. खेळाडूने मागावे लागते. तीच स्थिती पाचव्यांदा आली तरच पंच आपण होऊन बरोबरी जाहीर करतात. तसेच पन्नास चालींचे: प्यादे न हलता आणि काही न मारता दोघांच्या पन्नास-पन्नास चाली झाल्या तर दावा करता येतो, पंच्याहत्तर झाल्या तर पंच थांबवतात. या डावात शेवटची प्याद्याची चाल ५०. एफ×ई५, म्हणजे पन्नासचा दावा शंभराव्या चालीच्या आसपास आला असता. एक मिनिटाच्या घड्याळावर तिथवर पोचणे काळ्याला जडच गेले असते.

आणखी एक गोष्ट काळ्याच्या बाजूने लागली. वाढीव ३० सेकंद असल्याने शेवटच्या मिनिटांतही चाली लिहिणे बंधनकारक होते, म्हणून दावा सिद्ध करायला कागद होता. वाढीव वेळ नसलेल्या स्पर्धेत पाच मिनिटांखाली आल्यावर लिहिणे ऐच्छिक होते, आणि मग असा दावा सिद्ध करणे अवघड जाते. त्याचे अक्षर मात्र शेवटी इतके बिघडले होते की पंचांना ५१वी चाल पांढऱ्याच्या कागदावरून पडताळावी लागली.

क्लबमध्ये घोटून घ्यायचे

तीन पट मांडावेत. पहिला ५०व्या चालीनंतरचा: काळ्याने प्यादे पाचव्या रांगेत असेपर्यंत सहावी रांग सोडायची नाही. दुसरा ५२. रा ई६ नंतरचा: काळ्याने एकदा डी८ ला जाऊन हरायचे, एकदा एफ८ ला जाऊन वाचायचे. तिसरा ४०व्या चालीनंतरचा, पांढऱ्यासाठी: पहिल्या दहा चालींत एकही प्यादे बदलायचे नाही, तरी धमकी वाढवत न्यायची. घड्याळ प्रत्येकी दोन मिनिटे, वाढीव ३० सेकंद, चाली लिहूनच. बाजू बदलून प्रत्येक पट दोनदा. दावा करायची वेळ आली तर तिसऱ्या कोणीतरी पंच व्हावे, आणि चुकीचा दावा केला तर समोरच्याला दोन मिनिटे द्यावीत.